एटीव्हीच्या इंजिनात परफॉर्मन्स कॅमशाफ्ट : काय मिळते, काय गमावते आणि बसवताना काय मोजावे

वाळू, चिखल, दगडधोंडे अशा कोणत्याही भूभागावरून वाट काढणाऱ्या चारचाकी वाहनाला ‘एटीव्ही’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. अशा वाहनाची शक्ती वाढवू इच्छिणाऱ्याला गॅरेजमध्ये हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे परफॉर्मन्स कॅमशाफ्ट. हा उपाय खरा आहे. मात्र तो प्रत्येक वाहनासाठी योग्य असतोच असे नाही. शिवाय तो करताना एक-दीड मिलिमीटरची चूक झाली, तर पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. म्हणूनच पाना हाती घेण्यापूर्वी त्यामागील शास्त्र समजून घेणे आवश्यक ठरते.

भोपाळ-पिथमपूरचा धडा

आपल्या देशात एटीव्हीच्या अभियांत्रिकीचा विषय निघाला की मध्य प्रदेशाकडे पाहावे लागते. भोपाळहून इंदूरमार्गे पिथमपूरला पोहोचता येते. तेथे २००७ पासून ‘बाहा एसएईइंडिया’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा रुजली. पिथमपूरचे ‘नॅट्रॅक्स’ हे वाहनचाचणी केंद्र त्याच परिसरात असून, ११.३ किलोमीटर लांबीच्या तेथील अतिवेगवान मार्गाचे उद्‍घाटन जून २०२१ मध्ये झाले. भोपाळसह देशभरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी एकआसनी एटीव्ही स्वतः आखतात, स्वतः बांधतात आणि चार तासांच्या सहनशक्तीच्या शर्यतीत उतरवतात.

या स्पर्धेच्या पेट्रोल गटातील नियम लक्षणीय आहे. सर्व संघांना सुमारे दहा अश्वशक्तीचे एकाच प्रकारचे इंजिन वापरावे लागते आणि त्याच्या अंतर्भागात, अर्थात कॅमशाफ्टमध्येही, फेरफार करण्यास मनाई असते. तरीही पहिल्या आणि शेवटच्या संघात मोठे अंतर पडते. ते वजन, गिअरिंग, टायर आणि सस्पेन्शन यांमुळे पडते. इंजिन उघडण्यापूर्वी या चार गोष्टी तपासाव्यात, हा त्यातून मिळणारा पहिला धडा.

कॅमशाफ्ट नेमके काय करतो?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. कॅमशाफ्टवरील उंचवटे रॉकरला ढकलतात आणि त्यामुळे इनटेक व एक्झॉस्ट व्हॉल्व ठरल्या क्षणी उघडतात. व्हॉल्व किती उंच उघडतो त्याला ‘लिफ्ट’ म्हणतात. क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो त्याला ‘ड्युरेशन’. एक्झॉस्ट बंद होण्याआधीच इनटेक उघडतो. दोन्ही उघडे असण्याचा हा काळ म्हणजे ‘ओव्हरलॅप’.

परफॉर्मन्स कॅमशाफ्टमध्ये सामान्यतः या तिन्ही गोष्टी वाढवलेल्या असतात. वेगाने फिरणाऱ्या इंजिनाला श्वास घेण्यास वेळ अपुरा पडतो. व्हॉल्व अधिक उंच आणि अधिक काळ उघडा राहिल्यास सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरते. कमी फेऱ्यांवर मात्र हाच गुण दोष ठरतो. इनटेक व्हॉल्व उशिरा बंद झाल्याने आत आलेले मिश्रण काही प्रमाणात मागे ढकलले जाते, आयडलिंग अडखळते आणि मेकॅनिकच्या भाषेत ‘पिकअप’ पडतो.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, मूळ कॅमवर इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ४० न्यूटन-मीटर टॉर्क देते. म्हणजे सुमारे २५ किलोवॉट शक्ती. नवा कॅम ७५०० फेऱ्यांवर ३६ न्यूटन-मीटर देतो. टॉर्क घटला, तरी शक्ती २८ किलोवॉटवर गेली. जाहिरातीत हा आकडा झळकेल. परंतु चढावर वाहन ३००० फेऱ्यांवर ओढत असेल आणि तेथे टॉर्क ३४ वरून २८ वर उतरला असेल, तर चालकाला गाडी अशक्तच वाटेल. कॅमशाफ्ट शक्ती निर्माण करत नाही. ती इंजिनाच्या फेऱ्यांच्या कोणत्या पट्ट्यात मिळावी, एवढेच तो ठरवतो.

भूभागाचा विचार

भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. तेथील हवा किनारपट्टीच्या तुलनेत साधारण पाच टक्क्यांनी विरळ असते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते. माळव्याची काळी माती पावसात चाकांना चिकटते. तेथे कमी वेगातील जोर अधिक मोलाचा. गोव्यातील डोंगरउतारांच्या लाल, चिकट वाटांनाही हेच लागू पडते. शेतमळ्यात ओझे ओढणाऱ्या किंवा पर्यटकांना संथ फिरवणाऱ्या वाहनाला मूळ कॅमच योग्य. सपाट, मोकळ्या शर्यतमार्गावर सतत उच्च फेऱ्यांवर धावणाऱ्या वाहनाला नवा कॅम फळतो.

बसवण्यापूर्वीची मोजमापे

दोन कॅमची तुलना करताना ड्युरेशन किती लिफ्टवर मोजले आहे, हे प्रथम पाहावे. एकाचे मोजमाप १ मिलिमीटरवर आणि दुसऱ्याचे व्हॉल्व नुकताच हलू लागल्यावर घेतलेले असेल, तर ती तुलना निरर्थक होय.

त्यानंतर तीन अंतरे मोजावीत. पहिले, व्हॉल्व आणि पिस्टन यांतील अंतर. पिस्टनच्या माथ्यावर खेळण्याच्या मातीचा पातळ थर देऊन, हेड बसवून इंजिन हाताने फिरवतात. मग हेड उतरवून दबलेल्या मातीची जाडी मोजतात. इनटेककडे सुमारे २ आणि एक्झॉस्टकडे सुमारे २.५ मिलिमीटर ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानली जाते. कॅम बनवणाऱ्याचा आकडा वेगळा असल्यास तो प्रमाण मानावा. एक्झॉस्टला जास्त जागा लागते, कारण तो अधिक तापतो आणि पिस्टन वर येताना त्याचा पाठलाग करतो. दुसरे, पूर्ण लिफ्टवर व्हॉल्व स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना. तिसरे, स्प्रिंगचे वरचे रिटेनर व्हॉल्व गाइडच्या सीलला लागत नाही ना. मूळ स्प्रिंग कमकुवत असल्यास उच्च फेऱ्यांवर व्हॉल्व कॅममागे वेळेत बंद होत नाही. म्हणून अनेक कॅमसोबत नव्या स्प्रिंग घ्याव्या लागतात.

बसवण्याचा क्रम

पुढील क्रम एका सिलिंडरच्या, हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट आणि टायमिंग चेन असलेल्या इंजिनाचा आहे. प्रत्येक वाहनाचे वर्कशॉप मॅन्युअल अंतिम मानावे.

१. वाहन धुऊन इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून स्पार्क प्लग काढावा.

२. क्रँक हाताने फिरवून फ्लायव्हीलवरील ‘टी’ खूण जुळवावी. पिस्टन सर्वांत वर आणि दोन्ही रॉकर किंचित सैल असले, तर तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. रॉकर ताणलेले असल्यास आणखी एक पूर्ण फेरा द्यावा.

३. आधी चेन टेन्शनर काढावा, मगच कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट. चेन तारेने वर बांधून ठेवावी आणि खालच्या पोकळीत स्वच्छ कापड ठेवावे. तेथे पडलेला एक बोल्ट संपूर्ण इंजिन उघडायला लावतो.

४. जुना कॅम काढून बेअरिंग आणि रॉकरचे घासणारे पृष्ठभाग तपासावेत. झिजलेला रॉकर नवा कॅम लवकर खराब करतो. स्टार्ट करताना दाब कमी करणारी डीकॉम्प्रेसर यंत्रणा जुन्या कॅमवर असल्यास ती नव्यावर आहे का, हे पाहावे. ती नसेल तर स्टार्टर मोटरवर ताण येतो.

५. नव्या कॅमच्या उंचवट्यांना असेंब्ली ल्युब लावून तो बसवावा. स्प्रॉकेटवरील खुणा हेडच्या कडेशी समांतर असाव्यात आणि चेनचा ढिलेपणा टेन्शनरच्याच बाजूला राहावा. स्प्रॉकेटला ३४ दात असतील, तर एक दात चुकल्यास क्रँकच्या हिशेबात सुमारे २१ अंशांची चूक होते. व्हॉल्व वाकण्यास तेवढी पुरेशी ठरू शकते.

६. कापड काढून टेन्शनर बसवावा. पोकळीत काही राहिले नसल्याची खात्री करून क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे हळूहळू फिरवावा. कोठेही अडकल्यास जोर लावू नये. थांबून कारण शोधावे. त्यानंतर खुणा पुन्हा तपासाव्यात.

७. फिलर गेजने टॅपेट सेट करावेत. नव्या कॅमसाठी दिलेले अंतरच घ्यावे, जुने नव्हे. सर्व बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधील आकड्यानुसार आवळावेत.

स्टार्ट आणि जुळवाजुळव

नवे ऑइल भरून, प्लग बाहेर ठेवूनच काही सेकंद स्टार्टर फिरवावा, म्हणजे ऑइल हेडपर्यंत पोहोचते. इंजिन आणि क्लच यांचे ऑइल एकच असल्यास ‘जासो एमए’ दर्जाचेच वापरावे. घर्षण कमी करणारे मोटारीचे ऑइल क्लच घसरवते. इंजिन काही वेळा तापून थंड झाल्यावर टॅपेट पुन्हा मोजावेत.

हवा वाढली की इंधनही वाढवावे लागते. कार्बोरेटर असल्यास जेट आणि फ्युएल इंजेक्शन असल्यास ईसीयूचे मॅपिंग जुळवावे. पातळ मिश्रणावर इंजिन अति तापते. सीव्हीटी असलेल्या वाहनात क्लचची वजने आणि स्प्रिंगही बदलाव्या लागतात. अन्यथा सीव्हीटी इंजिनाला जुन्याच फेऱ्यांवर अडवून ठेवते आणि नव्या कॅमचा खर्च वाया जातो.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आपल्याकडील बहुतांश एटीव्ही रस्त्यासाठी नोंदवलेल्या नसतात. पोलॅरिसने २०२० मध्ये स्पोर्ट्समन ५७० ट्रॅक्टर म्हणून नोंदणीयोग्य स्वरूपात आणली, हा अपवाद. अशा नोंदणीकृत वाहनाला हा नियम लागू होतो. वॉरंटी आणि विम्याच्या अटीही आधी वाचून घ्याव्यात. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन चालवणे हाच दंडनीय प्रकार असल्याने, शक्ती वाढवलेल्या वाहनाची चाचणी खासगी जागेत किंवा मान्यताप्राप्त शर्यतमार्गावरच घ्यावी.

वाहन कोठे आणि किती फेऱ्यांवर चालणार, याचे उत्तर कॅम विकत घेण्यापूर्वी हवे. ते ‘सतत उच्च फेऱ्यांवर’ असे असेल, तर मोजमापे घेऊन पुढे जावे. नसेल, तर तीच रक्कम टायर, सस्पेन्शन आणि गिअरिंगवर खर्च केल्यास वाहन अधिक चांगले चालेल.