हार कुणाच्या माथी?

१९४६च्या नोव्हेंबरात अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांनी जिंकली आणि डेमोक्रॅट अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना त्यांच्याच पक्षातून अजब सल्ला आला. सिनेटर विल्यम फुलब्राइट म्हणाले, एखाद्या रिपब्लिकन नेत्याला परराष्ट्रमंत्री नेमा आणि स्वतः पायउतार व्हा. उपाध्यक्षपद तेव्हा रिकामं होतं. त्या वेळच्या कायद्यानं परराष्ट्रमंत्रीच अध्यक्ष झाला असता. ट्रुमन यांनी सल्ला धुडकावला, फुलब्राइटना ‘हाफब्राइट’ ठरवलं आणि १९४८ची निवडणूक जिंकून दाखवली.

सभागृहाचा विश्वास गेला की सरकार गेलं, हा संसदीय रिवाज अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही. अध्यक्षाची चार वर्षं ठरलेली. त्यांच्या मधोमध होणाऱ्या निवडणुकीत पक्षाचं पानिपत झालं तरी त्याची खुर्ची हलत नाही. दोष पत्करायचा की नाही, हे त्याच्या सचोटीवर सोडलेलं आहे.

२००६ साली या सचोटीचा कस लागला. इराकचं युद्ध चिघळलं होतं आणि संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना हटवा, अशी मागणी वाढत होती. मतदानाला आठवडा उरला असताना अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी पत्रकारांना सांगितलं, रम्सफेल्ड शेवटपर्यंत राहतील. पण मतदानाच्या दोन दिवस आधी टेक्सासमध्ये बुश त्याच पदासाठी रॉबर्ट गेट्स यांच्याशी बोलत होते. ७ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहं हातची गेली. दुसऱ्याच दिवशी बुश यांनी पराभवाची मोठी जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि रम्सफेल्ड जात असल्याचं जाहीर केलं. प्रचाराच्या ऐन धामधुमीत एवढा मोठा निर्णय आणायचा नव्हता, असा त्यांचा खुलासा होता.

हेच मतदानाआधी का जाहीर केलं नाही, म्हणून बुश यांच्या रिपब्लिकन पक्षात अनेकजण भडकले, आणि त्यांचा राग रास्त होता. सिनेटची व्हर्जिनियातली जागा दहा हजारांहून कमी मतांनी गेली होती, मोंटानातली चार हजारांहून कमी मतांनी. यातली एक जरी वाचती, तर ५०-५० अशी बरोबरी होऊन उपाध्यक्ष चेनी यांच्या निर्णायक मतावर सिनेट रिपब्लिकनांकडेच राहिलं असतं. बुश यांनी दोष घेतला, हे योग्यच झालं. पण तो घेण्याची वेळ मतदानाआधीची होती.

प्रतिनिधिगृहाच्या सभापतीला अध्यक्षाएवढी मोकळीक नसते; त्याचेच खासदार त्याला खाली खेचू शकतात. १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्यावर महाभियोगाचं सावट असताना रिपब्लिकनांना जागा वाढण्याची खात्री होती. उलट पाच घटल्या. न्यूट गिंग्रिच यांनी तीन दिवसांत सभापतिपद सोडत असल्याचं सांगितलं. डेमोक्रॅटांची त्या सभागृहावरची चाळीस वर्षांची पकड मोडून ते चारच वर्षांपूर्वी वर आले होते.

२०१० मध्ये प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा गमावल्यावर अध्यक्ष ओबामा यांनी उघडपणे जबाबदारी घेतली. २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहात ४० जागा गेल्या, तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांनी मात्र पत्रकार परिषदेत, आपल्यापासून अंतर राखणारे स्वपक्षीय उमेदवार पडले म्हणत त्यांची नावंच घेतली. हरलेल्या सहकाऱ्यांशी नेत्यानं असं वागणं अन्यायाचं होतं. त्या नावांत यूटाच्या मिया लव्हही होत्या. त्यांच्या मतदारसंघातली मोजणी तेव्हा संपलेलीही नव्हती. निकाल लागला तो जवळपास दोन आठवड्यांनी, आणि त्या सातशेहून कमी मतांनी हरल्या.