महानिराशा (२२ ऑक्टोबर १८४४)

महानिराशा : विल्यम मिलर (१५ फेब्रुवारी १७८२–२० डिसेंबर १८४९) यांच्या अनुयायांनी प्रभू येशूच्या दुसऱ्या येण्याचा दिवस म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. ती काहीही न घडता उलटली. त्यानंतर मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य भागातील हजारो ख्रिस्ती कुटुंबांवर जो प्रसंग ओढवला, त्याला हे नाव पडले. मिलरपंथीयांची खानेसुमारी कधी झाली नाही. पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंतचे अंदाज दिले जातात. सज्ज राहणे आणि दिवस मोजणे या दोन गोष्टी किती सहज एकमेकींत मिसळतात, आणि त्या पुन्हा वेगळ्या करताना माणसाला काय सोसावे लागते, हे या घटनेइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

मिलर हे धर्मपंडित नव्हते. जन्म मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्डचा. आयुष्य बहुतेक न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन येथे शेतीत गेले. तरुणपणी देव जग निर्माण करून बाजूला झाला, माणसाच्या कारभारात तो लक्ष घालत नाही, अशा मताचे ते होते. १८१२ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटनविरुद्धच्या युद्धात ते कॅप्टन होते. सप्टेंबर १८१४ मध्ये प्लॅट्सबर्गला संख्येने कितीतरी मोठी ब्रिटिश फौज माघारी फिरली. हे माणसाच्या बळावर झाले असे त्यांना काही केल्या वाटेना. १८१६ मध्ये त्यांचे मनःपरिवर्तन झाले. जुने मित्र पवित्र शास्त्रातील विसंगती दाखवून त्यांना छेडू लागले, तेव्हा शास्त्र आणि क्रूडनचा शब्दसंदर्भकोश एवढे घेऊन ते उत्पत्तीपासून ओळीने वाचत निघाले. एक वचन उलगडल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम होता.

या वाचनात दानीएल ८:१४ वर त्यांचा सगळा हिशेब उभा राहिला. पवित्रस्थान शुद्ध होण्याआधी २३०० संध्याकाळ-सकाळ जातील, असे तिथे सांगितले आहे. भविष्यवाणीतील एक दिवस म्हणजे एक वर्ष हा नियम मिलर यांचा नव्हे. गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ यांच्या आधारे प्रॉटेस्टंट अभ्यासक तो बराच काळ वापरत आले होते, आयझॅक न्यूटनही त्यांत होते. मिलर यांनी सुरुवात धरली ती इराणचा राजा अर्तहशश्त याच्या इ. स. पू. ४५७ मधील आज्ञेपासून. २३०० मधून ४५७ वजा जाता १८४३ उरतात. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताच्या येण्याच्या वेळचा अग्नी, असा अर्थ त्यांनी लावला. १८१८ मध्ये हे गणित त्यांच्या मनाशी पक्के झाले.

पुढची तेरा वर्षे त्यांनी जाहीर प्रवचन केले नाही. जगाला सावध केले पाहिजे ही टोचणी होती, पण आपण शेतकरी, बोलता येत नाही, हा संकोचही होता. ऑगस्ट १८३१ मधील एका शनिवारी सकाळी त्यांनी देवाशी करार केला की कुणी आपणहून बोलावले तरच जाईन. असे बोलावणे येणार नाही, या खात्रीने ते निर्धास्त झाले. अर्ध्या तासाच्या आत जवळच्या ड्रेस्डनहून त्यांचा भाचा निरोप घेऊन दारात उभा राहिला : उद्या आमच्याकडे पाळक नाहीत, तुम्ही येऊन बोला. मिलर उत्तर न देता घराजवळच्या मेपलच्या झाडीत गेले आणि करारातून सुटका मागत राहिले. ती मिळाली नाही. जेवण करून ते भाच्याबरोबर निघाले. चळवळीचा सगळा पुढचा गोंगाट बाजूला ठेवून मिलर यांना ओळखायचे असेल, तर या सकाळपासून सुरुवात करावी.

१८३३ मध्ये बॅप्टिस्ट मंडळीने त्यांना प्रवचनाचा परवाना दिला. बॉस्टनचे पाळक जोशुआ हाइम्स यांच्याशी १८३९ मध्ये गाठ पडेपर्यंत हे काम खेड्यापाड्यांपुरते होते. हाइम्स यांनी वर्तमानपत्रे काढली, प्रचंड तंबू शिवून घेतला, दानीएल आणि प्रकटीकरण या पुस्तकांतील श्वापदांचे व वर्षांचे तक्ते छापले. मिलर स्वतः दिवस सांगत नसत. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या वर्षभरात प्रभू येईल, एवढेच ते म्हणत. वसंत सरला आणि तो आला नाही. इ. स. पू. १ नंतर लगेच इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, त्यामुळे बेरीज १८४४ मध्ये पडते, हेही ध्यानात आले. या विलंबाचा अर्थ पुष्कळांना मत्तय २५ मधील दहा कुमारींच्या दाखल्यात सापडला. तिथे वराला उशीर होतो, सगळ्या जणी पेंगतात आणि मध्यरात्री हाक येते.

ती हाक सॅम्युअल स्नो यांनी दिली. ऑगस्ट १८४४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एक्झिटरच्या मेळाव्यात त्यांनी मांडले की ख्रिस्त यहुदी सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी येईल. कराईट यहुद्यांच्या जुन्या गणनेप्रमाणे तो दिवस २२ ऑक्टोबर ठरत होता. मिलर आणि हाइम्स यांनी शेवटपर्यंत हात राखला. ऑक्टोबर उजाडल्यावर, लोकांतील कळकळ पाहून, त्यांनीही ही तारीख मान्य केली.

त्या शेवटच्या आठवड्यांत लोकांनी काय केले, हे गणितापेक्षा अधिक मोलाचे आहे. दुकानदारांनी दुकाने बंद केली. कर्जे फेडली गेली, चोरलेले परत केले गेले, वर्षानुवर्षे न बोलणारे शेजारी एकमेकांच्या दारात जाऊन क्षमा मागू लागले. चार्ल्स फिच हे त्यांच्यातील लाडके प्रवचनकार. थंडगार पाण्यात उभे राहून एकामागून एक बाप्तिस्मे देताना ते आजारी पडले आणि १४ ऑक्टोबरला, ठरल्या दिवसाच्या आठ दिवस आधी, वारले. काहींनी शेतातले पीक मुद्दाम उभे ठेवले. न्यू इप्सविचच्या एका शेतकऱ्याने बटाटे जमिनीतच राहू दिले; नंतर सडीच्या रोगात शेजाऱ्यांचे काढलेले बटाटे गेले आणि त्याचे उशिरा काढलेले चांगले निघाले, अशी हकीकत अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी सांगतात. मात्र अशा योगायोगावर विश्वासाची बाजू उभी करू नये. थेस्सलनीकाच्या मंडळीतही प्रभूचा दिवस आला म्हणून लोक घाबरले होते, आणि काही जण कामधंदा सोडून बसले होते. पौलाने दुसऱ्या पत्रात त्यांना आपले काम करून आपली भाकर खायला बजावले. तारखेवर विसंबून सोडलेले काम ही सज्जता नव्हे. फेडलेले कर्ज आणि मागितलेली क्षमा मात्र सज्जताच होती, आणि त्यांना तारखेची गरज नव्हती.

२२ ऑक्टोबरला लोक घराघरांत आणि सभागृहांत जमून वाट पाहत बसले. मध्यरात्र झाली, घड्याळाचे ठोके पडले, आणि पोर्ट गिब्सनचे शेतकरी हायरम एडसन यांनी नंतर लिहून ठेवल्याप्रमाणे सगळे पहाटेपर्यंत रडत राहिले. सकाळी बाहेर पडल्यावर रस्त्यातली माणसे टोमणे मारू लागली. या लोकांनी पांढरे झगे शिवले, डोंगरांवर आणि छपरांवर चढून बसले, पुष्कळांना वेड लागले, अशा गोष्टी वर्तमानपत्रांतून पसरल्या आणि पुढे शतकभर इतिहास म्हणून सांगितल्या गेल्या. फ्रान्सिस निकोल यांनी १९४४ मध्ये समकालीन कागद तपासून झग्यांच्या कथेला भरवशाचा पुरावा नाही असे दाखवले. निकोल स्वतः अ‍ॅडव्हेंटिस्ट होते हे खरे, तरी या बाबतीत पुढच्या अनेक अभ्यासकांनीही त्यांच्याशी सहमती दाखवली. चेष्टेच्या या धुरळ्यात एक साधी गोष्ट झाकली गेली : ही माणसे भीतीने कमी आणि प्रेमाने अधिक वाट पाहत होती. ज्याला भेटायचे होते तो आला नाही, हे त्यांचे दुःख होते.

मिलर यांनी हिशेब चुकल्याचे कबूल केले, नवी तारीख काढणाऱ्यांच्या मागे ते गेले नाहीत आणि प्रभूचे येणे जवळ आहे हा विश्वासही सोडला नाही. नोव्हेंबर १८४४ मध्ये हाइम्स यांना लिहिलेल्या पत्रात ते कळवतात की आता आपण दुसरी वेळ मनाशी धरली आहे. ती म्हणजे आजचा दिवस, आणि तो येईपर्यंत रोजचाच आजचा दिवस. मार्क १३:३२ प्रमाणे तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे. देवावर भिस्त ठेवणे याचा अर्थ न समजलेले त्याच्या हाती राहू देणे असाही होतो, आणि मिलर त्या जागी पोहोचले ते हिशेब मोडल्यावर. शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी क्षीण झाली. ते लो हॅम्प्टनलाच निवर्तले.

अनुयायांच्या वाटा वेगळ्या झाल्या. काही आपल्या जुन्या मंडळ्यांत परतले, काही शेकर पंथात गेले, काहींचा विश्वास उडाला. एप्रिल १८४५ च्या ऑल्बनी परिषदेत मुख्य गट एकत्र आला; त्यांच्यातून पुढे अ‍ॅडव्हेंट ख्रिश्चन मंडळी निघाली. एडसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तारीख बरोबर, घटना चुकली असे मानले : शुद्ध व्हायचे पवित्रस्थान स्वर्गातले आहे आणि ख्रिस्ताने तिथल्या परमपवित्रस्थानात सेवेला आरंभ केला आहे. हा अर्थ शास्त्रातून निघत नसून निराशेतून वाट काढण्यासाठी घडला, हा इतर पंथांचा आक्षेप आजही कायम आहे. याच गटाने शनिवारचा शब्बाथ स्वीकारला. एलन व्हाइट आणि जेम्स व्हाइट यांच्या नेतृत्वाखाली मे १८६३ मध्ये बॅटल क्रीक येथे सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीची रीतसर स्थापना झाली.

ही मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यामार्गे भारतात आली. पुण्यात सॅलिसबरी पार्क येथे तिचे ओरिएंटल वॉचमन प्रकाशनगृह आहे. औंधचे स्पायसर महाविद्यालय, आताचे विद्यापीठ, १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झाले आणि बंगळूरमार्गे पुण्यास आले. भारतात काम केलेले मिशनरी विल्यम स्पायसर यांचे नाव त्याला आहे. ख्रिस्ताचे येणे जवळ आहे, पण त्याची वेळ उघड केलेली नाही, असे या मंडळीच्या विश्वासविधानात नमूद आहे.