अस्वलांचं फाटक

बंद दरवाजा दिसला की आम्हा बँकवाल्यांना पहिला प्रश्न पडतो : किल्ली कोणाकडे? स्कॉटलंडच्या दक्षिणेला ट्रॅक्वेअर हाउस नावाचा एक जुना वाडा आहे. त्याच्या फाटकापुढे हा प्रश्न गैरलागू आहे. तिथं मामला किल्लीचा नाही, शब्दाचा आहे.

१७३८च्या सुमारास हे फाटक उभं राहिलं. दोन भक्कम दगडी खांब, आणि प्रत्येकावर ढाल धरलेलं एकेक दगडी अस्वल. सातएक वर्षं ते रीतसर उघडलं, मिटलं. १७४५ साली स्टुअर्ट घराण्याचं गेलेलं राज्य मिळवायला निघालेला राजपुत्र चार्ल्स इथं येऊन गेला. त्याची पाठ वळताच पाचव्या अर्लनं फाटक लावलं. गादीवर पुन्हा स्टुअर्ट राजा बसेपर्यंत उघडायचं नाही, असा शब्द त्यानं दिला म्हणतात. पुढच्याच वर्षी कल्लोडनच्या लढाईत राजपुत्राचा धुव्वा उडाला. १७८८ साली तो रोमला वारला. धाकटा भाऊ हेन्री कार्डिनल, म्हणजे ब्रह्मचारीच. १८०७ साली तोही गेला. वारसाचा रकाना कोरा!

काहीजण दुसरीच नोंद दाखवतात. १७९६ साली सातव्या अर्लची बायको वारली, तेव्हा नवी काउंटेस येईपर्यंत फाटक बंद झालं, असं ते सांगतात. पण आठवा अर्ल जन्मभर बिनलग्नाचा राहिला आणि १८६१ साली गेला. थोडक्यात, कुठलीही नोंद खरी धरा, येणारं कुणी उरलेलं नाही.

दहा वर्षं हात न लागलेली ठेव आम्ही रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे पाठवून मोकळे होतो. ट्रॅक्वेअरवाल्यांनी खातं अजून मिटवलेलं नाही. ये-जा करायला त्यांनी बाजूनं एक ‘तात्पुरता’ रस्ता काढला. तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात, हे तुम्हांआम्हांला सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, हा निव्वळ हट्ट! असेल. राजा येणार नाही, हे घरच्यांना काय कळत नाही? पण फाटक उघडायचं तर ‘आता वाट पाहत नाही’ असं कुणीतरी म्हणायला हवं. आपल्याकडेही गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी दारावर वर्षानुवर्षं राहतेच की! चार तर स्क्रू असतात. दोन मिनिटांचं काम. पण हात धजत नाही.