विसराळू सर्व्हर

एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर घरचीच असावी तशी उघडते, यांत लिनक्स वापरणाऱ्यांस आज नवल वाटत नाहीं. परंतु ही सोय लिनक्सहून जुनी आहे. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीनें १९८४ सालीं ‘एन्‌.एफ्‌.एस्‌.’ ही पद्धति सिद्ध केली. तिची खुबी अशी कीं, फाइली पुरविणारा सर्व्हर मागणाऱ्याविषयीं कांहींच ध्यानांत ठेवीत नसे. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण. त्यामुळें सर्व्हर मध्येंच बंद पडला तर मागणारा तीच मागणी पुनःपुन्हां करी, आणि सर्व्हर उठतांच काम पुढें चाले.

या विसराळूपणाची किंमतहि पडली. दोघांनीं एकाच वेळीं एका फाइलींत लिहूं नये म्हणून लागणारें कुलूप निराळ्या यंत्रणेकडे सोंपवावें लागलें. शिवाय मागणारा आपला म्हणून जो क्रमांक सांगेल, तोच सर्व्हर खरा मानी! ओळखीच्या चार यंत्रांत हा भाबडेपणा खपला. मोठ्या जाळ्यांत खपेना.

१९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत अँड्र्यू ट्रिजेल यांनीं तारेंतून जाणारे संदेश न्याहाळून एक निराळीच बोली उलगडली. तिचीच पुढें ‘सांबा’ झाली. विंडोजशीं व्यवहार असेल तेथें ती उत्तम. पण लिनक्सला लिनक्सशीं बोलावयास दुभाष्या कशास?

२००० सालच्या चौथ्या आवृत्तीनें एन्‌.एफ्‌.एस्‌.ला स्मरणशक्ति दिली, कुलूप आंत घेतलें, आणि कर्बेरॉसच्या साह्यानें ओळख पटविण्याची तजवीज केली. ती अंमलांत आणणें मात्र व्यवस्थापकाच्या हातीं. न आणल्यास क्रमांकावरील जुना विश्वास तसाच चालूं राहतो.