शिळा, बासी, पारोसा

लखनौच्या पूर्वेस फैजाबाद रस्त्यावरचे चिनहट इतिहासाच्या वाचकाला ३० जून १८५७ च्या लढाईमुळे परिचित आहे. या परिसरातील अवधी-उर्दू बोलण्यात 'बासी' हे विशेषण अन्नापुरते राहत नाही. झोपून उठल्यावरचे न धुतलेले तोंड बासी, कालची फुले बासी. ईदचा दुसरा दिवसही 'बासी ईद'. मराठीत त्याला सर्रास 'शिळा' हा प्रतिशब्द दिला जातो. पण मराठीत तोंड शिळे होत नाही, आणि सणही नाही.

या भेदाचे कारण व्युत्पत्तीत आहे. 'बासी'च्या मुळाशी 'वस्', म्हणजे राहणे, रात्र काढणे, हा धातू आहे. 'शिळा' हा 'शीतल'पासून आलेला. एक भाषा मधली रात्र मोजते, दुसरी गेलेली ऊब. गारव्याचा हा जुना अर्थ 'शिळोपा' या शब्दात टिकून आहे. शिळोप्याच्या गप्पा शिळ्या नसतात, हे विसरून चालणार नाही.

संस्कृत 'पर्युषित' हाही 'वस्'चाच. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पर्युषित अन्नाचा विचार असून स्नेहयुक्त अन्नाला सवलत आहे. मराठीत त्याच शब्दाचा 'पारोसा' झाला आणि तो स्वयंपाकघरातून बाहेर पडला : न न्हालेला माणूस पारोसा, न झाडलेले घर पारोसे. म्हणजे 'बासी'ने एकत्र सांभाळलेले अर्थ मराठीने दोघांत वाटून दिले. 'बासी मुँह'चे भाषांतर 'शिळ्या तोंडाने' करणाऱ्याला ही वाटणी ठाऊक नसते. 'शिळ्या कढीला ऊत' आणि 'बासी कढ़ी में उबाल' येथे मात्र दोन्ही भाषा तंतोतंत जुळतात.

शीतलादेवीच्या व्रतात चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचे अन्न खायचे. होळीनंतरच्या या सणाला उत्तरेत 'बसौडा' म्हणतात. महाराष्ट्रात श्रावणात 'शिळासप्तमी' येते. मराठीत देवीचे नाव आणि तिचा नैवेद्य एकाच मुळाचे असल्याने येथील शिळेपणात नासण्यापेक्षा निवण्याचा अर्थ प्रबळ आहे.

ही प्रतिष्ठा व्रताच्या दिवसापुरती. गावकीत महारांच्या वाट्याला येणारे 'शिळेउष्टे' वेगळे होते. तेथे 'शिळे' एकटे येत नाही. अन्न केव्हाचे यापेक्षा ते कोणी टाकलेले, हे त्या जोडशब्दात महत्त्वाचे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी टाकलेले तुकडे नाकारण्याचे आवाहन केले. उत्तर प्रदेशातील ओमप्रकाश वाल्मीकींच्या १९९७ च्या हिंदी आत्मकथनाचे शीर्षकही 'जूठन' आहे, 'बासी' नव्हे.