पेटीवर नाव कोणाचे?

१/ संत्रे म्हटले की नागपूर आठवते. मात्र रूढ परंपरेनुसार नागपुरात संत्र्याची रोपे आली ती औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून. ती आणवली दुसरे रघूजी भोसले (कारकीर्द १७८८-१८१६) यांनी. मग फळाला नाव नागपूरचे का मिळाले?

२/ याचे उत्तर बागेपेक्षा बाजारात अधिक सापडते. कॅलिफोर्नियाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तेथील रिव्हरसाइड गावी १८७३ च्या सुमारास एलायझा टिबेट्स यांनी बिनबियांच्या संत्र्याची झाडे लावली. हे वाण मूळचे ब्राझीलमधील बाहियाचे. पण जगभर गाजले ते कॅलिफोर्नियाच्या नावाने.

३/ रेल्वेमुळे हे फळ अमेरिकेच्या पूर्वेकडील शहरांत पोहोचले. तेथील घाऊक लिलावात लाकडी पेट्यांच्या राशी लागत. त्यांत आपला माल ओळखू यावा म्हणून पेटीच्या दर्शनी फळीवर रंगीत शिळाछापाचे लेबल चिकटवले जाई. ज्याने बाग कधी पाहिली नाही, त्या खरेदीदाराला हिरव्या बागा आणि बर्फाच्छादित डोंगर कागदावर दिसत.

४/ १८९३ मध्ये बागायतदारांनी सहकारी संघ उभारला आणि १९०८ मध्ये 'सनकिस्ट' ही मुद्रा स्वीकारली. १९५० च्या दशकात पुठ्ठ्याची खोकी आली आणि कागदी लेबले संग्राहकांकडे गेली. नाव मात्र टिकले.

५/ नागपुरात रेल्वे आली १८६७ मध्ये. दूरच्या ग्राहकाला झाड कोठले हे कळत नाही. माल कोणत्या पेठेतून आला, एवढेच कळते. म्हणूनच अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीचे संत्रेही 'नागपुरी'च ठरले.

६/ नागपूरच्या बागायतदारांनीही संघ स्थापला: 'नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन'. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'नोगा' ही मुद्रा जन्मली. आज ती महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आहे.

७/ लेबलाचे काम आता कायदा करतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये, तर जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होते. म्हणजे या मुलखाचे नाव लिंबूवर्गीय फळावर अधिकृतपणे उमटले, पण ते मोसंबीवर.

८/ याच जिल्ह्यातील पिशोरच्या बाजारात कोणी 'नागपुरी संत्री' मागितली, तर परंपरा खरी मानल्यास तो आपल्याच मुलखातून गेलेल्या रोपाचे फळ परगावच्या नावाने मागत असतो.