वादळ, उन्हाळी (शहापूर व मुरबाड तालुके)

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, फेब्रुवारीअखेरपासून मृग लागेपर्यंत येणारी वादळे. आसनगाव, आटगाव, खर्डी या कसारा मार्गावरच्या गावांत आणि पलीकडे मुरबाड, टोकावडे, धसई भागात ती सगळीच 'वादळ' या एका नावाखाली जातात. त्यांत निदान दोन कुळे आहेत. एक हजारो किलोमीटरवरून येते, दुसरे इथेच दुपारी जन्मते आणि दिवेलागणीपर्यंत संपते.

लांबून येणारे ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले हे थंड हवेचे आवर्त वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला भिडतात आणि काश्मीर, हिमाचलात बर्फ पाडतात. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य हंगाम. एप्रिल-मेमध्येही ते येतात, जोर मात्र कमी असतो. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागे वायव्येकडून जोराचा वारा सुटतो. तो बलुचिस्तान, सिंध आणि थरच्या वाळवंटातली बारीक धूळ उचलतो, आणि वारा दक्षिणेकडे वळला तर ती अरबी समुद्रावरून कोकणात उतरते. 22 जानेवारी 2022 रोजी कराचीत वादळी वारे वाहिले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुंबई, ठाणे, पालघरमध्ये गाड्यांवर पांढरट पूड बसली होती, आणि एरवी तिशीपर्यंत जाणारा दुपारचा पारा मुंबईत चोविसाच्या आसपास थांबला होता. हिमालयात त्याच दोन दिवसांत जोरदार बर्फवृष्टी सुरू होती. मार्च 2012 मध्येही अरबस्तानाकडून निघालेल्या धुळीने मुंबईचे आकाश असेच झाकोळले होते. अशा दिवशी आसनगावच्या फाट्यावरून माहुलीचे सुळके दिसेनासे होतात आणि लोक आधी वणव्याचा धूर समजतात.

सह्याद्रीत बर्फ पडत नाही. आजोबा पर्वत किंवा सिद्धगड सोडाच, राज्यातले सर्वांत उंच कळसूबाईही 1,646 मीटरच आहे, आणि या अक्षांशाला ती उंची पुरत नाही. झंझावाताचा पट्टा दक्षिणेकडे फार खाली आला, तर इथे त्याचे रूप अवकाळी पाऊस असते, क्वचित गारा. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्राला झोडपणाऱ्या गारपिटीसारखे संकट घाटाखाली सहसा येत नाही.

दुसरे कूळ वळवाचे. एप्रिल-मेमध्ये जमीन तापते, समुद्रावरची दमट हवा दुपारी आत शिरते आणि घाटाच्या भिंतीवर चढते. तीन-चारच्या सुमारास घाटमाथ्यावर ढग मनोऱ्यासारखे उभे राहतात. ते पूर्वेकडून, म्हणजे पावसाळ्याच्या नेमके उलट दिशेने, किनाऱ्याकडे सरकतात. ढगातून कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून चौफेर पसरते, त्यामुळे पावसाआधी वावटळ येते: नांगरटीची माती, भट्टीची राख, पळसाची पाने, पाठोपाठ कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा. ही धूळ गावचीच असते; वाळवंटाशी तिचा काही संबंध नाही. 13 मे 2024 रोजी दुपारी मुंबई-ठाण्यावर आलेले धुळीचे वादळ याच जातीचे होते. त्यात घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळून 17 जणांचा बळी गेला. बातम्यांत त्याचा उल्लेख वाळवंटी वादळासारखा होतो, तो चुकीचा आहे.

नुकसानीचा पहिला वाटा वीटभट्ट्यांकडे जातो. दिवाळीनंतर सुरू झालेल्या भट्ट्यांवर मेमध्ये कच्च्या विटांच्या रांगा उन्हात मांडलेल्या असतात. वारा सुटला की प्लास्टिक ओढायला लहानथोर धावतात. कागद उडाला तर विटांच्या कडा विरघळतात, आणि थेंबांचे खड्डे पडलेली वीट भाजून काढली तरी भाव उतरतोच. मजूर बहुतेक कातकरी, उचल घेऊन आलेले. थापलेला माल भिजला की हंगामअखेरच्या हिशेबात ताण पडतो. आंब्याचे वेगळे. मार्चचा अवकाळी मोहोर झाडतो आणि बुरशी आणतो, मेचा वळीव तयार कैऱ्या पाडतो. पडलेल्या कैऱ्या पहाटेच गोळा होतात आणि चिरून, वाळवून त्यांची आंबोशी होते. राब भाजायचा राहिला असेल तर पातेरा भिजून आग धरत नाही. आगोटीसाठी रचलेला सरपणाचा ढीग झाकला नसेल तर पुन्हा वाळवावा लागतो.

पाण्याचा फायदा मात्र जवळजवळ नाही. अर्ध्या तासाचा वळीव धूळ बसवतो, विहिरीचा तळ ओला करीत नाही. मुंबईला पाणी पाजणारी तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्याच्या परिसरात असूनही इथल्या पाड्यांना मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते.

माणसाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका विजेचा. गुरे घेऊन माळावर असलेले, पाऊस येताच मोहाच्या किंवा आंब्याच्या एकट्या झाडाखाली सरकणारे यांत सापडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप भोवतालच्या 20 ते 40 किलोमीटरमधल्या विजांची सूचना देते. घाटाच्या कुशीतल्या पाड्यांवर मोबाइलला रेंजच नसते. तिथे पूर्वेला काळोख दाटला की गुरे वळवायची, एवढीच सोय आहे.